तर आणि तरच

गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी साडेअकराच्या सुमारास, नगरमधल्या एका नेत्ररुग्णालयात माझ्या थोरल्या बहिणीला सांगण्यात आले की, तिच्या डाव्या डोळ्याची दृष्टी काचबिंदूने गेली आहे आणि ती परत येणार नाही. उजव्या डोळ्यातही तोच आजार होता, पण तो डोळा वाचवता येण्यासारखा होता. मला स्वतःला काचबिंदू असल्याचे कळून त्या दिवशी दोन वर्षे आणि एक महिना झाला होता. बहिणीला ते माहीत नव्हते.

आक्का माझ्याहून सात वर्षांनी मोठी. पारनेर तालुक्यातल्या एका गावात ती आणि दाजी दूध संकलन केंद्र चालवतात. दाजी दुधाचे फॅट तपासतात, आक्का माप घेते. ती सातवीपर्यंत शिकली. मी नगरला एका दैनिकात उपसंपादक आहे आणि सावेडीत राहतो. डेस्कवरच्या माणसाचे नाव पेपरात येत नाही, तरी कोणते पान माझ्याकडे आहे हे तिला ठाऊक असे. शुक्रवारचे आरोग्याचे पान ती बाजूला काढून ठेवी आणि केंद्रावर दूध घालायला येणाऱ्या बायकांना त्यातले वाचून दाखवी.

त्या पानावर एका मार्च महिन्यात काचबिंदूविषयी एक चौकट लागली. वार्ताहराने डॉक्टरांशी बोलून लिहिलेल्या मजकुरात वाक्य असे होते: ‘आई, वडील किंवा भावंडांपैकी कोणाला काचबिंदू असेल तर धोका वाढतो.’ चौकट एका कॉलमची होती. मथळा दोन ओळींत बसवायचा होता. मी ‘भावंडे’ काढली, कारण ती ओळीत मावत नव्हती. उरले ते ‘आई-वडिलांना काचबिंदू असेल तर धोका’. दुसरी ओळ आखूड पडत होती, शिवाय ‘तर धोका’ हे वाचायला मिळमिळीत वाटत होते. मी ‘तर’ला ‘च’ जोडला. ओळ भरली. मथळ्याला जोर आला. आतले वाक्यही मथळ्याशी जुळावे म्हणून तिथेही भावंडे काढली आणि ‘च’ घातला. या कामाला दीड-दोन मिनिटे लागली असतील. पान मीच पाहिले आणि मीच छपाईला सोडले.

‘च’ जोडणे ही डेस्कवरची जुनी सवय आहे. पाणी सुटणार असेल तर ‘सोमवारीच सुटणार’, मंत्री येणार असतील तर ‘येणारच’. त्या अक्षराने सहसा कोणाचे काही बिघडत नाही.

सात महिन्यांनी, ऑक्टोबरमध्ये, मी चष्म्याचा नंबर बदलायला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. डोळ्यांचा दाब जास्त निघाला. त्यांनी आणखी दोन तपासण्या केल्या आणि दोन्ही डोळ्यांत काचबिंदूची सुरुवात असल्याचे सांगितले. मला काहीच जाणवत नव्हते. डॉक्टर म्हणाले, जाणवत नाही हाच या आजाराचा स्वभाव. कडेने नजर जाते, मधली शेवटपर्यंत राहते, म्हणून माणूस पेपर वाचत असतो आणि अर्धा आंधळा झालेला असतो. रोज एक थेंब घालायचा. ते पुढे म्हणाले, “भावंडं आहेत?”

“एक बहीण.”

“त्यांना या महिन्यात तपासून घ्यायला सांगा. उशीर नको.”

मी म्हणालो, “पण आमच्या आई-वडिलांना नव्हता.”

“त्यांचे डोळे कोणी तपासले होते?”

कोणीच तपासले नव्हते. वडील शेवटची काही वर्षे उंबऱ्याला ठेचकाळत आणि आई ‘म्हातारपण’ म्हणे. वडिलांना काचबिंदू होता असे मी म्हणू शकत नाही. नव्हता, असेही म्हणू शकत नाही. सात महिन्यांपूर्वी मी पेपरात जे ठामपणे छापले होते, त्याला माझ्याच घरात कसलाही आधार नव्हता. हे मला त्या खुर्चीत बसल्याबसल्या कळले.

मी आक्काला फोन केला नाही.

कारण नोंदवतो. माझ्या मुलीला एक स्थळ आले होते आणि बोलणी पुढे गेली होती. स्थळ चांगले होते. मुलाकडच्यांनी मध्यस्थामार्फत ‘घरात कोणाला काही आजार वगैरे?’ असे विचारले होते आणि मी ‘काही नाही’ म्हटले होते. आक्काला सांगितले असते तर दाजींना कळले असते, दाजींकडून केंद्रावर, केंद्रावरून कुठेही. डोळ्याचा आजार रक्तातून येतो एवढेच लोक ऐकतात. बायकोने विचारले, “आक्कांना सांगायचं ना?” मी म्हणालो, “लग्न होऊ दे.” थेंबाची बाटली आम्ही फ्रिजच्या दारात लिंबांच्या मागे ठेवत होतो आणि मुलीला ‘डोळे कोरडे पडतात’ असे सांगितले होते.

लग्न पुढच्या मे महिन्यात झाले. त्यानंतर आक्काला न सांगण्याचे ते कारण उरले नाही. त्याची जागा दुसऱ्या कारणाने घेतली: आता सांगितले तर आधी का सांगितले नाही, हे सांगावे लागेल. हे कारण दिवसेंदिवस मोठे होत गेले. मथळ्याची दुरुस्तीही याच कारणाने राहिली. दुरुस्ती द्यायची तर चूक कशी लक्षात आली, असे कोणी तरी विचारले असते.

मधल्या काळात, माझे निदान झाल्यावर तीन महिन्यांनी, आक्काच्या गावच्या शाळेत डोळे तपासणी शिबिर झाले होते. दाब मोजण्याचे यंत्र आणले होते. आक्का गेली नाही. हे मला तेव्हा माहीत नव्हते. पण शिबिराची बातमी आमच्या तालुक्याच्या पानावर आली होती आणि ती मी वाचली होती.

गेल्या दिवाळीत आक्का भाऊबीजेला सावेडीला आली. ओवाळताना तिने मान डावीकडे वळवली आणि उजव्या डोळ्याने नेम धरल्यासारखे करून मला टिळा लावला. नंतर चहा गाळताना अर्धा चहा कपाच्या बाहेर ओतला गेला.

“ह्या तुमच्या शहरातल्या कपांचीबी कमालच,” ती म्हणाली. “बाहुलीचं हायती का मान्साचं?”

सगळे हसले. दाजी म्हणाले, “कपाला कशाला बोल लावतीस? म्हसरावानी डाव्या अंगानं धडका देत चालतीया. परवा दाराची चौकटच हानली.”

“मोतीबिंदू असंल,” आक्का म्हणाली. “पिकंल तवा बगू.”

मान कशासाठी वळत होती, ते मला कळले होते. मला डॉक्टरांनी सांगितलेल्या खुणांपैकी ती एक होती. मी त्या दिवशी काही बोललो नाही. सणाचा दिवस होता. पुढचे दोन दिवसही बोललो नाही. ती गावी परतल्यावर फोन करून म्हणालो, “मोतीबिंदू तरी दाखवून घेऊ, ये.” मी मोतीबिंदू हा शब्द मुद्दाम वापरला.

मंगळवारी ती पहिल्या एसटीने आली. मी तिला माझ्या डॉक्टरांकडे नेले नाही. तिथले लोक मला ओळखत होते. दुसऱ्या रुग्णालयात नेले.

तिथे केसपेपर भरणाऱ्या मुलीने विचारले, “घरात कोणाला काचबिंदू?”

“न्हाई बाई,” आक्का म्हणाली. “आईला न्हवता, बापाला न्हवता.”

“भावंडं?”

आक्काने माझ्याकडे पाहिले. म्हणजे पुन्हा मान डावीकडे वळवली.

“नाही,” मी म्हणालो.

मुलीने त्या रकान्यात ‘नाही’ लिहिले.

दाब मोजला. मग आक्काला एका यंत्रापुढे बसवून, ठिपका दिसला की बटण दाबायला सांगितले. डाव्या डोळ्याच्या वेळी तिने बटण जवळजवळ दाबलेच नाही. “मशीन बंद हाय का वो?” तिने विचारले. तंत्रज्ञ म्हणाला, “चालू आहे, मावशी. बघत राहा.” ती बघत राहिली.

त्यानंतर डॉक्टरबाईंनी आत बोलावून निदान सांगितले. मोतीबिंदू किरकोळ होता. गेलेली नजर काचबिंदूने गेली होती. गेले ते येत नाही, राहिले ते सांभाळायचे, असे त्या म्हणाल्या. आक्काने थोडा वेळ पदराचे टोक बोटाला गुंडाळले.

“पर आमच्या आईबापाला न्हवता,” ती म्हणाली. “पेपरात आलं हुतं, आईबापाला असंल तरच व्हतो. म्हनून मी गावच्या शिबिराला ग्येली न्हाई. माझा भाऊच हाय पेपरात.”

“चुकीचं आलं होतं,” डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. त्या आक्काशीच बोलत राहिल्या. “बघा, एकच मोठा दोष बापाकडून पोराकडे उतरतो, अशीही घराणी असतात. पण थोडी. त्यांच्यात बऱ्याचदा तरुणपणीच दिसतो. तुमच्यासारख्या बहुतेकांचं तसं नसतं. डोळ्यात पाणी तयार होतं, ते एका बारीक जाळीतून बाहेर जातं. कोणाची जाळी जरा घट्ट, कोणाची सैल. कोणाची नस दाब सोसते, कोणाची सोसत नाही. हे सगळं आपल्या आत लिहिलेलं असतं, पण एका जागी नाही, पुष्कळ जागी. प्रत्येक जागी अगदी लहानसा फरक. ते फरक दुर्मीळ नसतात. काही माझ्यात असतील, काही या सिस्टरमध्ये. एकट्यानं एकही काही करत नाही. आईकडून थोडे येतात, बापाकडून थोडे येतात, आणि एखाद्या लेकरात जास्त साठतात.”

आक्काने विचार केला. “म्हंजी दुधावानी,” ती म्हणाली.

“कसं?”

“आमच्या केंद्रावर येक जन वाटीभर पानी घालून आनतो. धरता येत न्हाई. दुसरा वाटीभर, तिसरा वाटीभर. येकाचंबी कळत न्हाई. पर टँकर डेअरीवर नापास व्हतो.”

डॉक्टरबाई हसल्या. “अगदी तसंच. फक्त इथं मुद्दाम कोणी घातलेलं नसतं.”

“मंग आईबापाचं दुधाचं बारकं क्यान पास झालं, आन माझा टँकर नापास.”

“पास झालं की तपासलंच नाही, ते आता कळायचं नाही. आणि नापास होणारच असंही नसतं. वय असतं, साखर असते, स्टिरॉइडची औषधं असतात. पण भावंडांमध्ये तेच पाणी वाटलेलं असतं. म्हणून सगळ्यात आधी भावंडांचं बघायचं.” आता त्यांनी माझ्याकडे पाहिले. “तुम्ही तपासून घेतलंय?”

“घेतो,” मी म्हणालो.

हे उत्तर शब्दशः खोटे नव्हते. अशी उत्तरे पुढारी देतात आणि तीस वर्षे मी ती लाल पेनाने अधोरेखित करून वार्ताहराकडे परत पाठवत आलो आहे.

आक्काला नसेचा फोटो काढायला वरच्या मजल्यावर नेले. मी जिन्यापर्यंत गेलो आणि परत आलो. दार ढकलून आत गेलो आणि डॉक्टरबाईंना सांगितले की मला दोन वर्षांपासून काचबिंदू आहे, थेंब चालू आहेत, आणि मघाशी मी खोटे बोललो. त्या पेपरातला मथळाही माझाच होता, हेही सांगितले. त्यांनी केसपेपर ओढला, ‘नाही’वर रेघ मारली आणि पुढे लिहिले: ‘भाऊ – आहे’.

“यांना तेव्हाच आणलं असतं तर डावा डोळा वाचला असता का?” मी विचारले.

“सांगता येत नाही. बराचसा वाचला असता, असं वाटतं.” त्यांनी पेनाला टोपण लावले. “त्यांना मी सांगू की तुम्ही सांगता?”

“मी सांगतो.”

“आजच.”

खाली औषधाच्या दुकानाशेजारी एक बाक होता. बाहुल्या मोठ्या करायचे औषध घातल्यामुळे आक्काला ऊन सोसत नव्हते. तिने पदर कपाळावरून खाली डोळ्यांपर्यंत ओढून घेतला होता. मी तिच्या उजव्या बाजूला बसलो. बोलायला लागलो तेव्हा कार्यालयात कधीच न वापरलेली घरची बोली तोंडातून आली.

“आक्का, मलाबी हाय.”

“काय हाय?”

“ह्येच. काचबिंदू.”

“अरं द्येवा. कवा कळलं? आत्ता, आत?”

‘हो’ म्हणता येण्यासारखे होते. तिला ते खरे वाटले असते.

“दोन वर्षं झाली,” मी म्हणालो.

तिने पदर आणखी खाली ओढला. समोरून एक रिक्षा गेली.

“पोरीचं लगीन ठरत हुतं, तवा?”

“व्हय.”

“मंग झालं की लगीन. मांडव उतरून दीड वरीस झालं.”

मी औषधाच्या चिठ्ठीची घडी घातली.

“शाळंत शिबिर झालं, तवा तुला ठावं हुतं?”

“व्हय.”

“भाऊबीजंला माझा च्या सांडला, तवा?”

“व्हय.”

“तवा तू हासलास,” ती म्हणाली.

मी हसलो होतो.

“लई भारी पेपरवाला तू. जिल्ह्यात कोन पडला, कोन मेला, दिवस उगवायच्या आत घरोघर. आन सख्ख्या भनीला सांगाया दोन वर्षं.” तिचा आवाज वाढला नव्हता. “म्या त्या बायांनाबी वाचून दावलं व्हतं. आपल्या आईबापाला न्हाई, मंग काय भ्या हाय म्हनून. दोघी घरी बसल्या माझ्या शब्दावर.”

“मी दाजींशी बोलतो,” मी म्हणालो. “त्या बायकांनाही सांगतो.”

“नगं. तू नगं सांगूस. तू सांगितलंस की उलटंच निगतं.”

औषध घेऊन मी तिला स्टँडवर सोडले. बसच्या पायरीवर तिने डाव्या हाताने दांडी चाचपली आणि ती सापडायला वेळ लागला. मी हात पुढे केला. तिने मागच्या बाईचा हात धरला.

दुसऱ्या दिवशी मी संपादकांकडे दुरुस्ती घेऊन गेलो.

“अडीच वर्षांपूर्वीच्या मथळ्याची?” ते म्हणाले.

“हो.”

“तक्रार कोणाची आलीय?”

“बहिणीची.”

त्यांनी आणखी काही विचारले नाही. दुरुस्ती त्या शुक्रवारी आरोग्याच्या पानावर तळाला आली. मजकूर असा होता: ‘आई-वडिलांना काचबिंदू असेल तरच धोका, असे या पानावर पूर्वी प्रसिद्ध झाले होते. ते चुकीचे आहे. आई-वडिलांना तो नसला किंवा असल्याचे कळले नसले, तरी होऊ शकतो. भावंडांपैकी कोणाला असल्यास इतरांनी तातडीने तपासणी करून घ्यावी.’ मूळ मजकुरात ‘चुकीबद्दल दिलगीर आहोत’ असे होते. जागा कमी पडल्याने पान लावणाऱ्याने ते काढले. मी पान पाहिले होते. मी ते परत घालून घेतले नाही.

मुलीच्या सासरी मी स्वतः जाऊन सांगितले. विहीणबाईंनी ऐकून घेतले. “अहो, आमच्या मोठ्या दिरांना आहे की,” त्या म्हणाल्या. “पंधरा वर्षं थेंब घालताहेत. यात लपवायचं काय?” मग त्यांनी पोहे आणले. मी ते खाल्ले.

त्यानंतरची माहिती अशी. माझ्या मुलीची तपासणी झाली. सध्या काही नाही, दर दोन वर्षांनी दाखवायचे आहे. घरी बसलेल्या त्या दोन बायकांच्या दारात आक्का स्वतः गेली आणि ‘माझ्या भावाचं चुकलं हुतं’ असे म्हणाली. हे मला दाजींनी सांगितले. त्यांतल्या एकीने तपासणी करून घेतली, तिला आजार नाही. दुसरीने केली की नाही, हे समजू शकले नाही. केंद्रावर माप आता दाजी घेतात.

दर तीन महिन्यांच्या तपासणीला आक्का नगरला येते. सावेडीला येत नाही. मुलाला बरोबर आणते आणि त्याच दिवशीच्या बसने परत जाते. शेवटची तपासणी गेल्या महिन्यात झाली. उजव्या डोळ्याचा दाब आटोक्यात आहे आणि त्या डोळ्याचे दृष्टिक्षेत्र आधीच्या तपासणीइतकेच आहे, असे भाच्याने फोनवर सांगितले.